शिडाची बोट घ्यायची तर...

कुणी बाईक घ्यायची म्हटली की आपल्या होस्टेलवर कसं चर्चासत्र भरतं ते वेगळं सांगायला नको. सीसी किती, ॲव्हरेज किती, पिकअप कसा, सेकंडहँड घेतली तर इंजिन उघडलेलं आहे का? ज्यांच्याकडे सायकलही नाही ते सगळ्यात जास्त बोलतात. शिडाची बोट घेणाऱ्यांचंही जगभर असंच चालतं. आकडे काढायचे, तक्ते मांडायचे, एकीची लांबी दुसरीच्या वजनाशी ताडून पाहायची आणि रात्र रात्र वाद घालायचे. फरक एवढाच की बाईक बंद पडली तर माणूस ती ढकलत पेट्रोल पंपापर्यंत येतो. बोट ढकलत कुठे नेणार?

आता तुम्ही म्हणाल, आमचं मेसचं बिल थकलंय आणि हे साहेब आम्हाला बोटी दाखवतायत! खरं आहे, आपल्यातलं कुणी उद्या बोट घेणार नाही. पण ही निवड कशी करतात हे पाहिलं तर फ्लुइड मेकॅनिक्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स या दोन्ही विषयांचा सूड घेतल्यासारखं वाटतं. शिवाय यातली काही नामांकित उदाहरणं आपल्याच किनाऱ्यावरची, मुंबई आणि गोव्याची आहेत. आणि मालवणचा किनारा मधेच असल्यामुळे आपल्याला त्यात बोलायचा हक्कही आहे.

आधी कुठली बोट ते ठरवू. इथे विषय आहे क्रूझिंग सेलबोटीचा. ही शर्यतीची बोट नव्हे आणि तासाभराच्या फेरफटक्याचीही नव्हे. हिच्यात झोपायला बंक असतो, स्वयंपाकाला स्टोव्ह असतो, पाण्याची टाकी असते, आणि आठवडेच्या आठवडे किनारा न बघता जायची तयारी असते. इंजिन असतं, पण ते बंदरात शिरताना किंवा वारा पडल्यावर. बाकी सगळा भार शिडावर.

अशी एक बोट १९६३-६४ साली मुंबईत कुलाब्याला बांधली गेली. तिचं नाव ‘सुहैली’. बांधून घेणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजावरचा तरुण अधिकारी होता. गंमत म्हणजे त्याने मागवलेले आराखडे वेगळ्याच बोटीचे होते. टपालाने आले ते एका जुन्या, जाडजूड, दोन्ही टोकांना निमुळत्या बोटीचे. परत मागवायला वेळ नव्हता, म्हणून त्याच कागदांवर काम सुरू झालं. आपल्या सुतारांनी सागवानात ती उभी केली. ३२ फुटांची, वजनदार, दिसायला जुनाट. तज्ज्ञांचा तक्ता मांडला असता तर ही बोट पहिल्या पानावरही आली नसती.

१४ जून १९६८ ला नॉक्स-जॉन्स्टन हीच बोट घेऊन इंग्लंडातून एकटा निघाला, आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला परतला. ३१२ दिवस. असं एकट्याने, विनाथांबा जगाला फेरी मारणारा तो पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पुरी केली ती एकट्या मुंबईच्या बोटीने. ही शर्यत ‘गोल्डन ग्लोब’ म्हणून ओळखली जाते. पुढे तिचं नाव पुन्हा येणार आहे.

आता जरा आकडेमोड. सुहैलीने सुमारे ३०,००० सागरी मैल कापले. भागाकार केला तर सरासरी वेग येतो चार नॉट. म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर! आपला एखादा मित्र उशीर झाला म्हणून कॉलेजला पळतो तो याहून जास्त वेगाने. मग बोट एवढी हळू का? कारवाल्यांसारखं ‘इंजिन मोठं टाका’ हे उत्तर इथे चालत नाही.

बोट पाण्यातून जाताना पुढे एक लाट उठवते आणि मागे एक. वेग वाढेल तशी त्या लाटेची लांबी वाढत जाते. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे g गुणिले लाटेची लांबी, भागिले २π, आणि त्याचं वर्गमूळ. हे सूत्र आपण पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. लाटेची लांबी बोटीच्या पाण्यावरच्या लांबीएवढी झाली की बोट स्वतःच्याच दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात अडकते. पुढे जायचं तर पुढच्या लाटेवर चढावं लागतं आणि तेवढी ताकद शिडात नसते. या मर्यादेला हल स्पीड म्हणतात. पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. मीटरमध्ये घेतली तर गुणक २.४३. सुहैलीची पाण्यावरची लांबी २८ फूट, म्हणजे मर्यादा सात नॉटची. वारा कमी-जास्त, समोरून-मागून धरला तर सरासरी चार म्हणजे काही वाईट नाही.

यावरून पहिली गोष्ट कळते. जाहिरातीत जी लांबी लिहिलेली असते ती टोकापासून टोकापर्यंतची. कामाची लांबी पाण्यावरची. जुन्या बोटींची नाळ आणि पिछाडी पाण्याबाहेर लांब झुकलेली असायची, त्यामुळे ३६ फुटी बोट पाण्यावर २७ फूटच भरायची. नव्या बोटींची नाळ सरळ उभी असते, म्हणून तेवढ्याच पैशात जास्त वेग. बंदरात जागेचं भाडं मात्र टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीवर मोजतात. तिथे कुणी वर्गमूळ काढत नाही.

आता गोव्याच्या बोटीकडे येऊ. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस यार्डात नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. आराखडा हॉलंडचा, हात गोव्याचे. लांबी ५६ फूट, रुंदी ५ मीटर, वजन २३ टन, ड्राफ्ट अडीच मीटर. ड्राफ्ट म्हणजे बोट पाण्याखाली किती खोल जाते ते माप. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या डोक्यातली ही ‘सागर परिक्रमा’. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि चार थांबे घेत मे २०१० मध्ये मुंबईत परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नंतर अभिलाष टॉमी यांनी याच बोटीतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ अशी विनाथांबा फेरी पूर्ण केली. सुमारे २३,००० सागरी मैल, १५० दिवस. सरासरी ६.४ नॉट. म्हादेईची पाण्यावरची लांबी ५० फूट धरली तर हल स्पीड साडेनऊच्या आसपास येतो. सुहैलीशी तुलना करा. दोघींनीही आपापल्या मर्यादेच्या साधारण ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान सरासरी काढली आहे. म्हणजे म्हादेई वेगवान ‘असण्याचं’ बरंचसं श्रेय लांबीला जातं.

तुम्ही म्हणाल, २३ टन म्हणजे केवढं धूड! इथेच नुसत्या टनांवर जाऊ नये. जाणकार वजन आणि लांबीचं गुणोत्तर काढतात. वजन लाँग टनात, भागिले पाण्यावरच्या लांबीच्या शंभराव्या भागाचा घन. म्हादेईचं हे गुणोत्तर, लांबी ५० फूट धरून, १८० च्या आसपास येतं. आणि इंग्लंडची रस्लर ३६ नावाची एक जुन्या धाटणीची बोट आहे, वजन जेमतेम साडेसात टन, पाण्यावरची लांबी २७ फूट, तिचं गुणोत्तर येतं ३८५! म्हणजे टनाच्या हिशेबात तिप्पट असलेली म्हादेई लांबीच्या हिशेबात निम्मी हलकी. आजकाल कारखान्यात एकामागून एक निघणाऱ्या ३८-४० फुटी बोटी दीडशे ते दोनशेच्या दरम्यान असतात.

मग हलकीच घ्यावी? थांबा. क्रूझिंगला निघताना पाणी, डिझेल, तांदूळ, हत्यारं, सुटे भाग, नांगराची साखळी असा टनभर ऐवज सहज चढतो. साडेसात टनाच्या बोटीला तो १३ टक्के, पाच टनाच्या बोटीला २० टक्के. हलकी बोट भरली की तिचा हलकेपणा संपतो आणि स्वभाव तेवढा उरतो: लाटेवर आपटायचा. जड बोट लाटेतून रेटत जाते, आतला माणूस झोपू शकतो. किती आरामशीर आहे याचंही एक गुणोत्तर टेड ब्रूअर नावाच्या डिझायनरने अर्ध्या गमतीत काढलं होतं. लोकांनी ते गंभीरपणे तक्त्यात घातलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: बोट उलटली तर परत सरळ होईल का?

१९७९ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडजवळ फास्टनेट शर्यतीत वादळ घुसलं आणि १५ खलाशी बुडाले. अनेक बोटी उलट्या झाल्या, काही बराच वेळ उलट्याच राहिल्या. त्यानंतर चौकश्या झाल्या आणि त्यातून एक सोपं सूत्र निघालं. बोटीची रुंदी घ्या, ती जेवढं पाणी बाजूला सारते त्या आकारमानाच्या घनमुळाने भागा. उत्तर दोनच्या आत आलं तर समुद्राला बरी, दोनच्या वर गेलं तर सावध. म्हादेईचं करून बघू: २३,००० किलो भागिले १०२५ म्हणजे २२.४ घनमीटर, घनमूळ २.८२, रुंदी ५ मीटर, उत्तर १.७७. रस्लर ३६ चं १.७२. दोघी पास.

पण हे सूत्र नीट न्याहाळा. यात वजन कुठे आहे हे कुठेच येत नाही! एक टन शिसं बोटीच्या तळाशी टाका किंवा डोलकाठीच्या टोकाला बांधा, उत्तर तेच. उलट वजन वाढलं म्हणून उत्तर सुधारतंच. व्हायव्हात एवढं एक वाक्य बोललात तर सरांचा चेहरा बघण्यासारखा होईल. नीरम, म्हणजे बोट सरळ ठेवण्यासाठी तळाशी घातलेला जडपणा, एकूण वजनाच्या किती टक्के आहे हेही विचारतात. रस्लरमध्ये तो ४५ टक्क्यांच्या घरात आहे. तेही अर्धंच उत्तर, कारण तो किती खोल आहे ते टक्केवारी सांगत नाही. खरं उत्तर असतं उभारी देणाऱ्या आघूर्णाच्या आलेखात: बोट शून्यापासून १८० अंशांपर्यंत कलंडवत गेलो तर कुठल्या कोनापर्यंत ती परत यायला बघते? महासागरासाठी हा कोन १२० अंशांच्या पुढे हवा असं मानतात. हा आलेख विक्रेत्याकडे मागावा. तो आढेवेढे घेत असेल तर ते पण एक उत्तरच आहे.

आणि एवढं सगळं बघूनही समुद्र आपलं गणित वेगळं मांडू शकतो. २०१८ साली गोल्डन ग्लोब शर्यत जुन्या नियमांनी पुन्हा भरवली गेली. अभिलाष टॉमी यांच्यासाठी सुहैलीचीच प्रतिकृती, ‘तुरीया’, दिवाडीच्या त्याच यार्डात बांधली होती. तोच आकार, तीच लांबी. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात ७० नॉटच्या वाऱ्यात ती उलटली. आकाराने काम केलं, ती परत सरळही झाली. पण डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. तीन दिवसांनी एका फ्रेंच मत्स्यपाहणी जहाजाने त्यांना उचललं. त्याच वादळात दुसऱ्या एका ३६ फुटी बोटीचीही डोलकाठी गेली. सुहैलीही १९६८ मध्ये अशीच आडवी झाली होती, तिची केबिन जागची हलली होती; पण डोलकाठ्या उभ्या राहिल्या. एकच आराखडा, दोन निकाल. मधे पन्नास वर्षं आणि एक लाट.

त्या वर्षी शर्यत जिंकली ती रस्लर ३६ ने. पाठीत सळ्या बसवून घेतलेल्या टॉमींनी २०२२ ला पुन्हा भाग घेतला तेव्हा रस्लर ३६ च निवडली, ‘बायानात’. २९ एप्रिल २०२३ ला २३६ दिवसांनी ते दुसरे आले. वाटेत स्वयंसुकाणूची मोडतोड झाली, तेव्हा दुरुस्तीला त्यांनी बोटीतल्या संडासाचं दारसुद्धा वापरलं. आपल्या होस्टेलच्या संडासांची दारं कुठे जातात याचा काही उलगडा यातून होतो का, ते रेक्टरांनी बघावं. पण मुद्दा गमतीचा नाही. जी वस्तू वाटेत आपल्या हाताने, जवळच्या सामानातून दुरुस्त होते ती चांगली. सुहैलीला गळती लागली तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात उतरून लाकडाच्या फटीत कापूस ठासला आणि वरून पट्टी ठोकली. तिचं स्वयंसुकाणू मोडलं तेव्हा लांब कीलमुळे ती नुसत्या शिडांच्या तोलावर बरीचशी सरळ चालत राहिली. म्हादेईची धाकटी बहीण ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगाला फेरी मारत होती, तिचंही सुकाणू बिघडलं आणि शेवटच्या टप्प्यात मॉरिशसला थांबावं लागलं. २०२४-२५ ला त्याच तारिणीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी पुन्हा फेरी पूर्ण केली. बोट जुनी होते, पण सांभाळली तर टिकते.

हे झालं महासागराचं. आता समजा, यातली कुठलीही बोट घेऊन मालवणला यायचं आहे.

रविवारी कुडाळहून मालवणची एसटी पकडा आणि धक्क्यावर उभे राहून समोर बघा. सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याच्याभोवती ओहोटीला डोकं वर काढणारे खडक. काही डोकं वर काढतच नाहीत, ते जास्त वाईट. १६६४ साली शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला त्यामागे हेही कारण होतं की अनोळखी मोठ्या जहाजाला इथे सरळ घुसता येत नाही. मराठी आरमाराची गलबतं, गुराबा उथळ पाण्यात फिरणाऱ्या; पाठलाग करणाऱ्या परदेशी जहाजाचा तळ खोल. ड्राफ्ट हेच तटबंदीचं काम करत होता म्हणा ना.

इथे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला दोन मीटरच्या आसपास. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची दांडी दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. अडीच मीटर ड्राफ्टची म्हादेई इथे खाडीत आणायचा विचारही नको. दूर नांगर टाकून छोट्या होडीतून यावं लागेल, आणि नांगरावरची झोप काय असते ते नांगर सुटलेल्यालाच विचारा. रस्लरचा ड्राफ्ट १.७ मीटर, तीही भरती बघूनच.

मग ड्राफ्ट कमी असलेली घ्या! पण कील ही नुसतं वजन नसते, ती पाण्यातला पंख असते. वारा शिडाला आडवं ढकलतो, कील ते आडवं जाणं अडवते. पंख जेवढा खोल आणि अरुंद तेवढा कार्यक्षम. विमानाच्या पंखाचा ॲस्पेक्ट रेशो आठवा. उथळ कीलची बोट वाऱ्याच्या दिशेने वर चढताना बाजूला घसरते. आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे दुपारी वारा वायव्येकडून येतो. म्हणजे मालवणहून गोवा, साधारण ३५ सागरी मैल, पाठीवर वारा घेऊन सात-आठ तासांत मजेत. मुंबई मात्र १७५ मैल, आणि वारा तोंडावर. तिरपं तिरपं काढत जायचं तर ते अंतर दीडपटीकडे जातं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो त्याचा फायदा घेता येतो, पण तो हलका असतो. त्यात जड बोट ढिम्म हलत नाही, मोठं शीड हवं.

थोडक्यात काय, गोव्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्याची बोट वेगळी, मुंबईला नेहमी जाणाऱ्याची वेगळी आणि केप हॉर्नला जाणाऱ्याची तर वेगळीच. मालवणात एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला ‘कुठली बोट चांगली’ विचारलंत तर तो बहुधा उलट विचारेल, ‘तुका खंय जावचा हा तां आदी सांग.’

किनाऱ्यावरच फिरायचं असेल तर माझं मत दोन कील असलेल्या बोटीला. तळाशी डाव्या-उजव्या बाजूला दोन आखूड कील, ड्राफ्ट मीटरभर किंवा थोडा जास्त. ओहोटीला वाळूवर ती दोन पायांवर बसल्यासारखी सरळ बसते. तळ घासायला क्रेन लागत नाही, दोन भरत्यांच्या मधला वेळ पुरतो. वाऱ्यावर चढायला ती थोडी आळशी, हे कबूल. वर-खाली होणाऱ्या पात्याची बोट दोन्ही साधते, पण त्या पात्याच्या खाचेत वाळू आणि शिंपले जाऊन ते अडकतं, आणि नेमकं नको तेव्हा.

कॅटॅमरानचा, म्हणजे दोन तळांच्या बोटीचा, ड्राफ्ट कमी, जागा भरपूर, कलंडतही नाही, म्हणून पर्यटनवाल्यांना ती आवडते. कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या छोट्या होडीला बाजूला उलांडी असते ती याच तत्त्वावर चालते: तळाशी वजन घालण्याऐवजी आधार बाजूला लांब न्यायचा. लहान कोनात ही रचना भक्कम. पण एकदा पूर्ण उलटली की उलटी राहण्यातही ती तेवढीच भक्कम. उलांडीची होडी चार माणसं मिळून सरळ करतात. दहा टनी कॅटॅमरान कोण करणार?

इंजिन, जीपीएस, सोलर पॅनेल, फ्रिज यांच्या याद्यांवर मी जागा घालवत नाही. ते सगळं नंतर बदलता येतं. बदलता येत नाही ते तळ, कील आणि त्यांचा जोड. २०१४ च्या मे महिन्यात ‘चीकी रफिकी’ नावाची ४० फुटी बोट कॅरिबियनहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली, चौघे गेले. म्हणून जुनी बोट बघायला गेलात तर गाद्या-पडदे बघत बसू नका. फरशी उचला, कीलचे बोल्ट बघा, भोवती गंजाचे ओघळ किंवा फायबरला बारीक चिरा आहेत का ते बघा. बोट कधी खडकावर बसली होती का, हे सरळ विचारा. तळावर प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत जा. आवाज बद्द आला तर आतले थर सुटले असण्याची शक्यता. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर त्या बदलायचा खर्च किमतीत धरा. आणि हे सगळं स्वतः पाहूनही एका स्वतंत्र सर्व्हेयरला पैसे द्या. विक्रेत्याने सुचवलेला नको.

शेवटी पावसाळा. मालवणात मरीना नाही. जूनच्या आधी आपले लोक होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात. साडेसात टनांची कीलवाली बोट अशी वाळूवर ओढता येत नाही. तिला क्रेन, पाळणा आणि सुरक्षित जागा लागते. ती जागा गोव्यात मिळते की मुंबईत, भाडं किती, आणि मे महिन्यात तिथपर्यंत बोट नेणार कोण, हे विसार द्यायच्या आधी कागदावर मांडावं.